कुलुपातला जावई

मित्रांनो, मी एक म्हातारी काचेची पेटी आहे आणि माझा कुणावर म्हणून विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. रागावू नका. मला चारी बाजूंनी दिसतं. हसत आत येणारा माणूस पाठ फिरली की कसं तोंड वाकडं करतो, ते मी रोज बघते. मग विश्वास टिकणार कसा?

संशय घ्यायला मी शिकले पेढ्याच्या दुकानात. नगरच्या एका मिठाईवाल्याकडं मी काउंटरची काच होते. एका अंगाला पेढे, बर्फी, बालुशाही. दुसऱ्या अंगाला माणसांची नाकं. मालक दिवसभर बघत बसायचा, कुणाचा हात कुठं आहे, कुणाचं तोंड हलतंय. त्याच्यासंगं मीही बघायचे. एकदा एक पैलवान आला. त्यानं माझ्यावर नाक टेकवून असा काही वास ओढला, की आतल्या काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख उठला अन् मला आतून येऊन चिकटला. मालकानं वर्खाची चोरी म्हणून पैलवानाच्या नाकपुड्या तपासल्या. खोटं वाटतंय? वाटू द्या. मी काच आहे, माझ्यातून आरपार दिसतं. मी खोटं ठेवणार कुठं?

पुढं एका बोकडानं माझा घात केला. बाजाराच्या दिवशी तो दुकानासमोरून चालला होता. माझ्यात बघतो तर समोर दुसरा बोकड! ह्यानं डोळे वटारले, त्यानंही वटारले. ह्यानं पाय आपटला, त्यानंही आपटला. मग काय, घेतली धडक. मला तडा गेला आणि बोकडाला पेढा मिळाला. एका कारागिरानं तडकलेला भाग कापून काढला, उरलेल्या काचेचे तुकडे आंबट वासाच्या डिंकानं एकमेकांना चिकटवले, आणि माझी झाली माशांची पेटी.

काही वर्षं मी दातांच्या दवाखान्यात काढली. ते माझे मानाचे दिवस. गाल सुजलेली माणसं माझ्यातले सोनेरी मासे बघत बसायची आणि म्हणायची, "किती छान वाटतंय बघून!" मग तिथं टीव्ही आला. माणसं टीव्हीकडं बघायला लागली आणि मी भंगारात गेले. तिथून मला सोनईच्या रामहरीनं उचललं. कांदा विकून रिकामा टेम्पो घेऊन घरी निघाला होता तो. माझ्यात त्यानं काय ठेवलं माहितीये? कांद्याचं बी! ज्या अंगात सोनेरी मासे खेळले, त्या अंगात काळं बी आणि उंदराच्या लेंड्या. नंतर बीही काढलं आणि मला वस्तीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं. तिथं एक कोंबडी माझ्यात अंड्यांवर बसली. काचेतून ऊन असं लागायचं, की पिलं तिला कळायच्या आधीच बाहेर पडून अंगणात दाणे टिपायला लागली, आणि ती बिचारी आपली टरफलांवर बसून राहिली. कुणी तिला सांगितलंच नाही. मी सांगणार होते, पण माझा तिच्यावर विश्वास नव्हता.

असो. मला धुऊन पुसून घरात आणलं रामहरीच्या लेकीनं, संस्कृतीनं. तिनं माझ्यात वाळू घातली, दगडांची एक गुहा केली, हिरवी रोपं लावली. फिल्टर आणला, पाणी उबदार ठेवायला हीटर आणला. आणि मग एका पिशवीतून आला तो.

बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. तोंड पिवळं, डोळ्यावरून काजळाची उभी रेघ, अंगावर निळे ठिपके असे चमकायचे, जशी कुणी टिकल्यांची डबी उपडी केली. पाठीवर पुढं काळा तुरा. दुकानदारानं सांगितलं, हा रॅम. सिक्लिड नावाच्या माशांच्या बुटक्या जातीतला. संस्कृतीची आई पुष्पावती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली.

"काय काय लागतं गं ह्याला?"

"पाणी कोमट लागतं आई. थंडी सोसत न्हाई. खाणं चांगलं लागतं. अन् आवाज झाला की रुसून गुहेत बसतो."

"मंग सरळ सांग की, जावई आणलाय म्हणून!"

तेव्हापासून तो जावई.

संस्कृती नर्सिंग शिकायला नगरला गेली, तेव्हा जाताना बापाला बजावून गेली. "आप्पा, नळाचं पाणी एकदम घालायचं न्हाई. निळ्या बादलीत मुरू द्यायचं, मग घालायचं. अन् जावयाला गारठा लागू देऊ नका." रामहरी म्हणाला, "बरं." एवढंच म्हणाला. फोनवरही तो एवढंच बोलायचा. बरं. व्हय. जेवली का. ठेवतो. पण फोन ठेवला की स्टूल ओढून माझ्यासमोर बसायचा आणि जावयाशी बोलायचा. ऊसतोडीची टोळी अजून आली नाही. कांद्याला भाव नाही. पोरगी नसली की घर लई मोठं वाटतं. हे सगळं त्यानं पुष्पावतीला कधी सांगितलं नाही, लेकीलाही नाही. मासा ऐकायचा, कारण त्याला जायला दुसरीकडं जागाच नव्हती.

म्हणून सांगते मित्रांनो, तो नुसता मासा नव्हता. लेक मागं ठेवून गेली होती ते एवढंच होतं, आणि ते रामहरीच्या हातात होतं.

मार्गशीर्षात थंडीनं जोर धरला. थंडी म्हणजे अशी, की सकाळी कोंबडा आरवला तर आवाज हवेतच गोठायचा आणि ऊन चढल्यावर सगळे आरव एकदम खाली पडायचे. त्यात पहाटेच्या वेळी लाईट जायची. लाईट गेली की हीटर बंद. रामहरी उठून माझ्या काचेला तळहात लावायचा आणि पुटपुटायचा, "गार पडलाय गडी."

मग त्यानं माळ्यावरून तांब्याचा बंब काढला. जुना, त्याच्या आईच्या वेळचा, काळा पडलेला. चिंच अन् मीठ घेऊन बसला आणि आतून-बाहेरून असा घासला, की मला त्यात माझं तोंड दिसलं. लखलखीत! कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घालून पेटवला, धूर निघाला, पाणी तापलं. मी मनात म्हटलं, चला, ह्या घरात एक तरी गोष्ट विश्वासाची आली.

त्यानंतर दोनच दिवसांनी गोगलगायी मेल्या.

रोपांबरोबर आलेल्या बारक्या गोगलगायी होत्या माझ्यात, काचेवरून सरपटायच्या, मला गुदगुल्या व्हायच्या. सकाळी बघते तर सगळ्या वाळूत उलट्या पडलेल्या. रामहरीनं त्या गाळणीनं काढल्या आणि खूश झाला. "बरं झालं, ब्याद गेली. रोपं कुरतडत हुत्या." मला जरा चमकल्यासारखं झालं. सगळ्यांना एकदम मरायला काय लग्नाचं आमंत्रण होतं? पण गोगलगायींच्या भानगडीत कोण पडतो!

आणि दुसऱ्या सकाळी जावई पडला.

काल संध्याकाळी तुरा उभारून माझ्या काचेतल्या स्वतःशीच भांडत होता. आणि आज अंग काळवंडलेलं, निळे ठिपके विझलेले, पंख अंगाला चिकटलेले. वर पाण्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकत होता. खाणं टाकलं तर त्यानं वळूनही बघितलं नाही. रामहरीच्या हातातली खाण्याची डबी खाली पडली.

"पुष्पे! अगं, इकडं ये. ह्याला कुणीतरी काहीतरी केलं!"

बघा, कसं असतं. काहीतरी झालं, असं तो म्हणाला नाही. कुणीतरी केलं, असं म्हणाला. आणि मीही लगेच म्हटलं, केलंच.

पहिला संशय घरातल्यावरच. पुष्पावती रोज तिन्हीसांजेला ऊद घालायची. रामहरी म्हणाला, "तुझ्या धुरानं झालं हे."

"माझ्या धुरानं? अवं, ऊद मी लगीन झाल्यापासून घालते. तुमी मेलात का?"

"मी मासा हाय का?"

"मासा असता तर गप तरी बसला असता!"

ऊद बंद झाला. जावई तसाच. मग रामहरीला आठवली शेजारची भीमाबाई. परवाच ती हळद मागायला आली होती आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली होती, "अगं बया, कसा नटलाय! नवरदेवच जणू!" झालं. नजर लागली. रामहरीनं मीठ-मिरच्या घेतल्या, माझ्याभोवती ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा असा खकाणा उठला, की पुष्पावती शिंकत शिंकत अंगणात गेली, आणि म्हणतात, शिंकेच्या जोरानं तिच्या डोक्यावरचा पदर पलीकडच्या वस्तीवर वाळत पडला. भीमाबाईला कुणीतरी ही बातमी पोचवली. ती दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, माझी नजर लागली म्हनं तुमच्या मासळीला?"

"मी तसं म्हटलं न्हाई."

"म्हटलंय. अवं, माझ्या नजरेत एवढा जोर असता तर माझी सून मोबाईल घेऊन बसली असती का? कवाच मोबाईल फुटला असता!"

ती गेली, पण जाताना तिनं माझ्याकडं वळून बघितलं. मला ते बघणं काही आवडलं नाही.

गाईला बघायला जनावरांचे डॉक्टर भागवत आले होते. रामहरीनं त्यांना हाताला धरून घरात आणलं. डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला, माझ्या काचेला नाक लावलं.

"रामहरी, ह्याला इंजेक्शन टोचायचं कुठं? सुई ह्याच्यापेक्षा मोठी हाय!"

"डॉक्टर, चेष्टा नका करू. पोरीची ठेव हाय."

तेव्हा डॉक्टर जरा गंभीर झाले. "हे बघा, माशातलं मला कळत न्हाई. पर जनावर एकाएकी पडलं की मी आधी गव्हाण बघतो. पोटात काय गेलं, पाणी कुठलं प्यालं. तेवढं बघा."

बरोबरच सांगितलं होतं त्यांनी. पण रामहरीनं गव्हाण म्हणजे खाण्याची डबी धरली. डबी उघडून वास घेतला, एक दाणा स्वतः चाखला, थुंकला, आणि डबी उकिरड्यावर फेकली. आता संशय दुकानदारावर गेला. पाण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "पानी तेच हाय. निळ्या बादलीतलंच. संस्कृतीनं सांगितलं तसंच. एक थेंब बाहेरचा न्हाई."

आणि हे बोलताना तो खोटं बोलत नव्हता. पाणी बादलीतलंच होतं.

मला विचाराल तर माझा संशय पालीवर होता. छतावर एक पाल होती, ती माझ्याकडं बघून च्यक-च्यक करायची. मग मला वाटलं, फिल्टरच आतून फितूर असेल. मग मला माझ्या स्वतःच्या डिंकावरही संशय आला. म्हातारपणी अंगातून काय काय सुटतं, कुणाला माहीत! सगळ्यांवर संशय घेऊन झाला, मित्रांनो. फक्त एका माणसावर घेतला नाही. तो माणूस रोज सकाळी आणि आता जावई आजारी म्हणून दुपारीही, संध्याकाळीही, हळूच माझं झाकण उचलायचा आणि म्हणायचा, "घे रं राजा, ऊन पानी घे. बरं वाटंल." अशा माणसावर कोण संशय घेणार?

संस्कृतीचा रोज फोन यायचा. "आप्पा, जावई कसा हाय?"

"ठणठणीत."

फोन ठेवला की रामहरी डोळे पुसायचा आणि इकडंतिकडं बघायचा, कुणी बघितलं तर नाही ना. मी बघितलं होतं.

जावई आता एका अंगावर कलायला लागला. त्या दिवशी रामहरीनं जे केलं, ते आठवलं की अजून मला लाज वाटते. त्यानं संस्कृतीच्या जुन्या सायकलची साखळी आणली, माझ्याभोवती, झाकणावरून फिरवली आणि कुलूप लावलं. मला! दातांच्या दवाखान्यात मान मिळालेल्या पेटीला, चोराला बांधतात तसं बांधलं. किल्ली करदोड्याला अडकवली आणि म्हणाला, "आता बघतो, कोण काय घालतंय ते."

पुष्पावतीचं माहेर शिंगणापूर. ती आधी बघतच राहिली, मग तिचं तोंड सुटलं.

"अवं, आमच्या माहेरी घराला दार न्हाई, तिजोरीला कडी न्हाई! अन् तुमी मासळीच्या पेटीला कुलूप लावता? माझ्या आईबापाला कळलं तर काय म्हनतील, लेक कुठं दिली!"

"तुझ्या माहेरी मासा हाय का आजारी?"

"मासा न्हाई, पर मानसं शहाणी हायती!"

कुलूप लागलं. ऊद बंद होता, भीमाबाई फिरकत नव्हती, नवी डबी आणली होती. पालीलाही साखळीतून वाट नव्हती. आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी जावई आणखी वाईट. खाली वाळूवर पडून होता, फक्त कल्ले हलत होते. तेही भराभरा, धावून आलेल्या माणसाच्या छातीसारखे. रामहरी कुलूप काढून झाकण उघडून उभा होता.

पुष्पावती चहाचा कप घेऊन आली. तिनं माशाकडं बघितलं, कुलुपाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. चहा तिनं दिलाच नाही.

"किल्ली कुनाकडं हुती रातभर?"

"माझ्याकडं."

"झाकन कुनी उघडलं काल?"

"मीच. दुसरं कोण उघडनार?"

"मंग आत जे काय जातंय, ते घालतंय कोन?"

 रामहरीचा चेहरा लाल झाला. "तू... तू मला म्हनतीस? मी मारीन त्याला? मी?"

"मारताय म्हनाले न्हाई. पर आठ दिस तुमी मला, भीमाबाईला, त्या दुकानदाराला, सगळ्यांना उभं केलंत. आता तुमीच उभे ऱ्हावा. अन् मी पोरीला फोन लावते."

"लावू नको! तिला सांगू नको!"

पण तिनं लावला होता. तोंड दिसणारा फोन. आणि फोन तिनं माझ्यासमोर धरला. पलीकडं संस्कृती केस विंचरत होती. जावयाला बघून तिचा कंगवा तसाच केसात राहिला.

"आई! हे कधीपासनं? आप्पा तर म्हनत होते ठणठणीत..."

"त्यांचं ठणठणीत असलंच असतंय. तूच विचार आता."

संस्कृतीनं ओरडाआरडा केला नाही. ती एकेक विचारायला लागली, जशी दवाखान्यात विचारतात तसं. खातो का? नाही. श्वास कसा? भराभरा. अंगावर पांढरे ठिपके? नाही. कापूस आल्यासारखं काही? नाही. "अन् गोगलगायी कशा हायत?"

"त्या मेल्या की कवाच," रामहरी म्हणाला. "बरंच झालं."

"मेल्या? कधी?"

"जावई पडायच्या आदल्या दिशी. सगळ्या एकदमच."

संस्कृतीनं केसातला कंगवा काढला. मग म्हणाली, "आप्पा, रोग असता तर माशाला आधी झाला असता, गोगलगायींना न्हाई. गोगलगायी आधी मेल्या म्हंजी पान्यातच काहीतरी हाय. पानी कुठलं घालताय?"

"बादलीतलंच गं! देवाशपथ!"

"निळ्या बादलीतलं? मुरवलेलं?"

"व्हय. लाईट न्हाई आता बी, हीटर बंद हाय, गारठलाय तो. थांब, जरा ऊन पानी घालतो त्याला, मंग बोलू." आणि नेहमीच्या सवयीनं त्यानं तांब्या उचलला. वाफा निघत होत्या. तो झाकणाकडं वळला.

"आप्पा, थांबा!"

ती एवढ्यानं ओरडली, की रामहरीच्या हातातून पाणी हिंदकळलं. माझ्या काचेवरून ओघळलं, बाहेरून.

"ते ऊन कशात केलं?"

"बंबात. बादलीतलंच पानी बंबात तापवतो. चिंचेनं लख्ख घासलाय गं, आतून बी. तांब्याचं पानी अंगाला चांगलं असतंय, तुझी आजी..."

"मानसाला, आप्पा. माशाला तांबं इखावानी असतंय. गोगलगायींना तर थोडंसुदिक पुरतं. अन् चिंचेनं घासलं की ते अजून सुटतं पान्यात."

रामहरीनं तांब्या खाली ठेवला. हळूच ठेवला, जसं आत कुणी झोपलंय. मग तिथंच भुईवर बसला. पुष्पावतीचं तोंड जिंकल्यासारखं व्हायला पाहिजे होतं, पण झालं नाही. तिनं फोन एका हातात धरला आणि दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. बंबाकडं मी बघितलं. तो कोपऱ्यात तसाच चमकत होता. एवढ्या आयुष्यात मी एकाच भांड्यावर विश्वास ठेवला, आणि तेच नेमकं!

"बसू नका आप्पा," संस्कृती म्हणाली. "वेळ न्हाई. उठा. निम्मं पानी काढा. सगळं न्हाई, एकदम बदललं तर तेवढ्यानंच मरंल. बादलीतलं सरळ बादलीतनं घाला, हळूहळू. तांब्यानं न्हाई, प्लास्टिकच्या मगानं."

"पर गार हाय गं पानी."

"प्लास्टिकच्या बाटल्यांत ऊन पानी भरा, बुचं घट्ट लावा अन् बाटल्या पेटीत सोडा. ऊब लागंल, पानी लागनार न्हाई. मी येते."

मग घरात जी धावपळ झाली, ती बघण्यासारखी होती. पुष्पावतीनं नळी धरली, रामहरी बादल्या वाहत होता. एवढ्यात भीमाबाई दारात. कळलं कसं तिला, देव जाणे. माझा संशय आहे की ती भिंतीला कान लावून झोपते. तिनं आपल्या घरून रिकाम्या बाटल्या आणून दिल्या. एवढंच म्हणाली, "घ्या भाऊजी. माझी नजर लागलीय त्यास्नी, पर चालतील." माझ्या पाण्यावर बाटल्या तरंगायला लागल्या. खाली जावई एका अंगावर पडलेला, वर होड्यांची जत्रा.

दुपारी संस्कृती आली. नगरहून एसटीनं, खांद्यावर पिशवी, पिशवीत काळे चुरचुरीत कोळशाचे दाणे. पाण्यातलं नको ते ओढून घेतात म्हणे. तिनं ते धुतले, जाळीच्या थैलीत बांधले आणि फिल्टरमध्ये ठेवले. लाईट आली, फिल्टर घुरघुरायला लागला. मग करायचं काही उरलं नाही. आता वाट बघायची होती.

रामहरी जेवला नाही. स्टुलावरही बसला नाही, लांब उंबऱ्याशी बसला. जणू त्याच्या सावलीचंही पाणी होईल आणि माझ्यात सांडेल.

"मीच मारला न्हाई का गं त्याला," तो म्हणाला. "माझ्या हातानं. अन् सगळ्या गावावर संशय घेतला."

संस्कृती त्याच्याजवळ जाऊन बसली. "तुमी त्याला गारठा लागू दिला न्हाई आप्पा. मी सांगितलं तेच केलंत. फकस्त मला एकदा विचारायचं. फोनवर 'ठणठणीत' म्हनायच्या ऐवजी."

"तुझा अभ्यास हुता."

"तुमी रोज त्याच्याशी बोलता, आई म्हनत हुती. तेवढंच माझ्याशी बोला की."

 रामहरीनं आधी तिला विचारलं, नगरला खोलीत थंडी वाजते का. मग सांगितलं, ऊसतोडीची टोळी आली. मग सांगितलं, कांद्याचं काय झालं. मग आणखी काय काय. मी इतके दिवस जे ऐकत होते, ते सगळं पुन्हा ऐकलं. फरक एवढाच, की ह्या वेळी ऐकणारं कुणी मधेच "मग?" असं म्हणत होतं.

ऊन कलतं झालं, तरी जावई वाळूवर. मी माझ्या काचा ताणून बघत होते. एकदा त्याचा कल्ला थांबला. मी म्हटलं, गेला. पुन्हा हलला. थांबला. हलला. मग त्यानं पंख उघडले, पोट वाळूवरून उचललं, डुगडुगत गुहेपर्यंत गेला. तिथं थांबला. तोंडात चिमूटभर वाळू घेतली, चावल्यासारखी केली आणि फुस्सकन बाहेर टाकली. सिक्लिडांची ही सवय. जो मासा वाळू थुंकतो, त्याला अजून जगायचं असतं.

"थुंकला!" रामहरी ओरडला. "पुष्पे, थुंकला गं!"

आणि मित्रांनो, तुम्हाला सांगते, त्या थुंकण्याचा असा धक्का बसला, की बाटल्यांची सगळी जत्रा माझ्या काठावर येऊन आपटली, आणि छतावरची पाल दचकून शेपूट टाकून पळाली. खोटं वाटत असेल, तर शेपूट अजून तिथंच आहे. पण निळे ठिपके परत यायला पुष्कळ दिवस लागले, हे मात्र अगदी खरं. आणि तुरा त्याचा पहिल्यासारखा कधीच उभा राहिला नाही. एका बाजूला जरा झुकलेलाच असतो.

बंब आता पुन्हा आंघोळीच्या कामाला लागलाय, तिथं तो चांगला आहे. रामहरी लेकीशी फोनवर बोलतो, आणि मग बोलता बोलता चहा गार होतो. साखळी काढली, पण तिचा एक ओरखडा माझ्या पुढच्या काचेवर राहिला. म्हाताऱ्या अंगावर एक ओरखडा काय जास्त!

आम्हाला आपलं दुखणं सांगता येत नाही मित्रांनो. जावयाला नाही, गाईला नाही, कुंडीतल्या तुळशीलाही नाही. आम्हाला काय पाहिजे, ते तुम्ही तुमच्या मनानं ठरवता. माया करा, नको कोण म्हणतंय? पण आमच्यात काही घालायच्या आधी जाणत्याला विचारा. आणि एखादा मुका जीव एकाएकी काळवंडला, तर शेजारणीच्या डोळ्यांत शोधायच्या आधी आपल्या हातातलं भांडं बघा. त्यात काय आहे, कुठून आलं, कालपासून काय बदललं.

बरं, आता जरा मागं सरा. इतका वेळ माझ्या झाकणाजवळ हात घेऊन उभे आहात, तुमच्या हाताला कसला तरी वास येतोय. काय लावून आलात?